पाणी अजून तयार नाही

आमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर एक माणूस रोज सकाळी रिकाम्या टाकीला खाऊ घालायचा. माशांची टाकी. आत वाळू, खडे, हिरवी झाडं, दिवा, बुडबुडे, सगळं जिथल्या तिथे. फक्त मासे नाहीत. तो डबीतून चिमूटभर खाणं काढायचा, पाण्यावर भुरभुरायचा आणि हात मागे बांधून उभा राहायचा, जशी काही समोर पंगत बसली आहे आणि हा आग्रह करतो आहे.

तो माझा भाडेकरू. ही बिल्डिंग सुकापूरला जिथे उभी आहे तिथे माझ्या बापाचं भाताचं शेत होतं. त्याआधी आमची माणसं मिठागरावर. बिल्डरने शेत घेतलं आणि बदल्यात खोल्या दिल्या. त्या दिवसापासून मी शेतकरी राहिलो नाही, शेठही झालो नाही, मालक झालो. मालक म्हणजे नळ गळला की ज्याला हाक मारतात तो.

शाळा मी चौथीत सोडली. त्यामुळे माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही, तो शिकलेल्यांना लागतो. पण हा माणूस ओळखायला मला वर्षं लागली, हे कबूल.

खोली बघायला आला तो दिवस आठवतो. लोक खोली बघायला येतात तेव्हा पंखा लावून बघतात, पार्किंग विचारतात, वर कोण राहतं विचारतात. हा सरळ मोरीत गेला, नळ सोडला, खिशातून स्वतःचा काचेचा पेला काढून भरला आणि खिडकीशी धरला.

"मालक, पाणी कुठलं?"

"नळाचं."

"नळाला कुठलं?"

"धरणाचं. उन्हाळ्यात टँकरचं."

"आणि टँकरला कुठलं?"

"ते टँकरवाल्याला पण ठाव नाय."

त्याला एवढा आनंद झाला की त्याने खोली तिथेच घेतली. मुंबईत म्हणे कोणीच त्याला खरं सांगितलं नव्हतं.

मुंबईत कुठल्याशा कचेरीत त्याचं आयुष्य गेलेलं. वाळकी अंगकाठी, पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, पँट छातीपर्यंत वर. मी त्याला साहेब म्हणायचो, तो मला मालक. त्याच्या घरात सगळी तयारी होती आणि सुरुवात कशाचीच नव्हती. कपाटावर नवी कोरी बॅग, तिला खोळ. "बद्रीनाथला जायचंय." कधी? "तयारी चाललीय." खुंटीला छत्री, अजून दुकानाच्या प्लॅस्टिकमध्ये, पाऊस लागला की साहेब घरात. गॅलरीत पेटी होती, बाजाची. तिच्यावरचं फडकं रोज झटकायचा, पेटी उघडलेली मी पाहिली नाही. लग्न का नाही केलंत, असं मी एकदा तोंडावर विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

"स्थळं आली होती," तो म्हणाला. "पण जागेचं नक्की नव्हतं, मग बढतीचं नक्की नव्हतं. माझी तयारी झाली तेव्हा त्या मुलींची मुलं शाळेत जात होती."

हे तो हसत सांगायचा. हसण्याचीसुद्धा आधी तयारी करायचा, मग हसायचा.

आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या बायकोने पाणी दिलं. याने पेला उचलला आणि दिव्याकडे धरला. आमच्याकडे पाहुणा असं करत नाही. पाहुणा पितो आणि मेला तर मरतो.

बायको म्हणाली, "भावजी, विष नाय घातलं त्यात."

हा लाल झाला. "नाही हो वहिनी, क्लोरीन बघत होतो."

"क्लोरीन दिसतो?"

"नाही."

"मंग काय बघत होता?"

त्याने गुपचूप पाणी प्यायलं. तेव्हापासून दोघांचं जमलं. तो मासे खायचा नाही, म्हणून ती त्याला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पाठवायची, आणि जिन्यात भेटला की टोमणा मारायची, "काय भावजी, जेवली का तुमची पंगत? का उपाशीच उठली?" मला घरात म्हणायची, "बाळ नाय आनि पाळणा हलवतोय बिचारा."

आता टाक्यांचं सांगतो. आमच्या बिल्डिंगीत मधे एक वास्तुवाला येऊन गेला. कोट घालून आला होता, भर उन्हाळ्यात. त्याने सांगितलं, ईशान्येला मासे ठेवा, लक्ष्मी येते. महिनाभरात घराघरांत टाक्या. काहींच्या ईशान्येला संडास होता, त्यांनी संडासाच्या भिंतीला टाकी टेकवली. लक्ष्मी कुठून का येईना! सगळ्यांनी एकाच रविवारी टाकी आणली, त्याच दिवशी नळाचं पाणी भरलं, त्याच दिवशी बाजारातल्या दुकानातून पिशवीत मासे आणून सोडले आणि फोटो काढले. पुढच्या रविवारपर्यंत निम्म्या घरांतले मासे उलटे.

कोणी रडलं नाही. कारण वास्तुवाल्याने तेही सांगून ठेवलं होतं. मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं. मग काय, जिन्यात बायका एकमेकींना कौतुकाने सांगायच्या, "आमच्याकडचे दोन गेले हो, बहुतेक ह्यांची बदली टळली." दुकानदाराची चंगळ. मासा आजारी पडला की तो निळं औषध द्यायचा, निळ्या औषधाने मेला की नवा मासा द्यायचा.

साहेबाला हे सहन व्हायचं नाही. जिन्यात थांबून ओरडायचा, "संकट नाही हो, अमोनिया! मासे त्याच पाण्यात मुततात, हगतात, तुम्ही ओंजळभर खाणं टाकता ते सडतं. त्याचं विष होतं. ते विष खाणारे जंतू आधी टाकीत तयार व्हावे लागतात. त्याला आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडणं म्हणजे खून आहे, खून!"

लोक दारं लावून घ्यायचे. त्यांचंही बरोबर. संकट म्हटलं की माशाला पुण्य लागतं, मूत म्हटलं की आपली चूक निघते. माणूस कुठलं पदरात घेईल?

त्याचं एक वाक्य ठरलेलं. "मासा कोणी पाळत नाही, मालक. पाळायचं ते पाणी. मासा त्या पाण्याकडे आलेला पाहुणा."

मी विचारायचो, "मंग पाहुणा कुठं हाय?"

"पाणी अजून तयार नाही."

टाकीत खाणं टाकायचा ते मासे नसताना त्या जंतूंसाठी. खाणं सडलं की जंतूंना जेवण. मग काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं, रंग बघायचा. पिवळा म्हणजे चांगलं, हिरवा म्हणजे विष. मी पाहिलं तेव्हा नेहमी पिवळाच. मी म्हणायचो, "साहेब, लिंबासारखं पिवळं हाय, आता काय राह्यलं?" तो भिंग लावून बघायचा आणि म्हणायचा, "कडेला किंचित शंका आहे."

एकदा डेंग्यूची तपासणी करणारी माणसं आली. याच्या गॅलरीत पंचे बांधून झाकलेल्या बादल्या. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून तो पाणी दिवसभर शिळं करत ठेवायचा. त्या पोरांनी बादल्या ओतल्या. मग टाकीकडे वळली. मासे नसलेली टाकी म्हणजे साठवलेलं पाणी, असा त्यांचा हिशेब. साहेब टाकीला पाठ लावून उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना पसरून. मला वर बोलावलं. मी म्हटलं, हा बाबा वाकडा आहे पण डास पाळत नाही. शेवटी त्यातल्या एका भल्या पोराने तोड काढली. "काका, आमच्याकडे गप्पी मासे फुकट असतात, डासांच्या अळ्या खातात. हे घ्या, सोडा, म्हणजे आमचं पण काम झालं." आणि पिशवी हातात दिली.

फुकटचे मासे, सरकारी काम खलास, टाकी भरली. दुसरा कोणी असता तर चहा पाजला असता. साहेबाने पिशवी उन्हाला धरून बघितली, छत्री न घेता गावाच्या तळ्यापर्यंत चालत गेला आणि गप्पी तळ्यात सोडून आला. ज्या तळ्यात म्हशी बसतात, गणपती जातात आणि पूर्ण गाव धुणं धुतं. ते पाणी तयार होतं, याचं नव्हतं.

आमच्या घरात टाकी आली ती वास्तूसाठी नाही. बायकोला दम लागायला लागला, जिना उतरणं बंद झालं, तेव्हा मुलीने आणून दिली. आई बघत बसेल म्हणून. छोटी टाकी, तीन मासे. साहेबाने वरून खाली येऊन बायकोला सगळं शिकवलं. थोडंच पाणी बदलायचं, तेही शिळं करून. खाणं माशाच्या डोळ्याएवढंच. आतला पाणी गाळणारा काळा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, म्हणजे जंतू राहतात. मी सुपारी कातरत बसायचो आणि हसायचो. दोन माणसं घाण जपून ठेवायचे धडे घेतायत, आणखी काय!

तिने माशांना नावं ठेवली. काळा, डोळे बाहेर आलेला, सगळ्यात मोठ्या खड्यावर बसून राहायचा तो सरपंच. झाडामागे लपलेला, खाणं पडलं की हजर, एरवी दिसेल तर शपथ, तो तलाठी. आणि नारिंगी, पांढऱ्या शेपटीचा, काचेशी तोंड उघडून उभा असलेला, पोट भरलं तरी न हलणारा, तो जावई. एकदा मुलगी-जावई जेवायला आलेले असताना ती हॉलमधून ओरडली, "जावयाला जास्ती घालू नका रे, फुगेल!" आतून खरा जावई म्हणाला, "बस झालं आई, उठलोच." त्या दिवशी ती इतकी हसली की तिला दम्याचा फवारा द्यावा लागला.

मग ती गेली. त्याचं मी लिहिणार नाही. ज्याने बघितलं आहे त्याला ते पुन्हा नको असतं, ज्याने बघितलं नाही त्याला कळत नाही. दवाखान्यातून शेवटी घरी आणली, तिची खाट हॉलमध्ये टाकीसमोर घातली. बोलणं कमी झालं होतं. एकदा म्हणाली, "माझ्या जावयाला बघा." मी म्हटलं, बघतो.

माझी बहीण उरणजवळ मोऱ्याला दिलेली. कामाला वाघीण. दहाव्याला सुतक फिटलं तशी ती पदर खोचून उभी राहिली. आमच्यात सुतक फिटलं की घर धुतात, अंथरूण-पांघरूण धुतात, माठातलं, हंड्यातलं भरून ठेवलेलं पाणी सगळं ओतून टाकतात आणि नवं भरतात. ती टाकीपाशी आली आणि थांबली.

"दादा, ह्ये पाणी?"

मी नदीवरून आलो होतो, डोकं भादरलेलं, कोण काय विचारतंय ते कानावर पडत होतं, आत जात नव्हतं.

"ह्या पाण्यानं तिला मरताना बघितलंय," बहीण म्हणाली. "ठेवायचं काय म्हणून?"

आणि ओतलं. मासे नळाच्या पाण्याच्या बादलीत. खडे परातीत घेऊन घासले आणि गच्चीवर सुकत घातले, बोंबील घालतात तसे. स्पंज साबणाच्या पावडरीने धुतला, खळाखळा, फेस जाईपर्यंत, आणि दोरीवर टांगला. काचा चिंचेने... नाही, चिंचेने भांडी घासली, काचा साबणाने. संध्याकाळी टाकी अशी लखलखली की समाचाराला आलेली माणसं आधी टाकीकडे बघायची, मग माझ्याकडे. सगळे म्हणाले, बाई, कशी स्वच्छ केलीस!

दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरट झालं. सरपंच खड्यावरून खाली घरंगळला आणि तसाच राहिला. बहिणीने हात जोडले. "तुझ्यावरचं घेऊन गेला, दादा."

मी म्हटलं, "माझ्यावरचं येऊन गेलंय. आता घ्यायला शिल्लक काय हाय?"

मग सगळ्यांची अक्कल सुरू झाली. दुकानदाराने निळं औषध दिलं. पाणी आकाशासारखं झालं. खालच्या मजल्यावरचा म्हणाला, ईशान्य चुकली. बहीण म्हणाली, मीठ घाल. मिठागराच्या माणसाला मीठ घाल म्हणून सांगायला लागत नाही, मूठभर खडेमीठ मी आधीच घातलं होतं. तलाठी तेवढ्यात गेला. जन्मभर लपून बसलेला, मेल्यावर पहिल्यांदा सगळ्यांसमोर आला.

राहिला जावई. पाण्याच्या वरच्या काठाला तोंड लावून धापा टाकायचा. तिला शेवटी दम लागायचा ना, अगदी तसा. मला बघवेना. मी बाटलीत टाकीतलं पाणी भरलं आणि दुसऱ्या मजल्यावर गेलो.

साहेबाने नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. रंग चढत गेला. कैरीसारखा हिरवा.

"काय केलंत?"

मी सांगितलं. ऐकताना त्याचा चेहरा असा झाला की बायको गेली तेव्हासुद्धा इतका पडला नव्हता.

"मालक, तुमच्या ताईंनी टाकी धुतली नाही. गाव बुडवलं. त्या स्पंजात, त्या खड्यांवर माशांची घाण उचलणारे राहत होते. उद्या शहरातले सगळे झाडूवाले हाकलून दिले तर काय होईल?"

"आमचं सुकापूर होईल."

तो हसला नाही. "रोज थोडं पाणी बदला, शिळं. खाणं बंद. पण मासा थकलाय. नवे जंतू बसायला आठवडे. त्याच्याकडे तेवढे नाहीत."

मी त्याच्या टाकीकडे बघितलं. पाणी आहे की नाही कळत नव्हतं, इतकं नितळ. झाडं हलत होती म्हणून पाणी आहे म्हणायचं.

"मंग ह्यात सोडू."

"यात?" तो उठून उभाच राहिला. "नाही नाही. हे पाणी अजून..."

"साहेब, पिवळं हाय ना?"

"पिवळं आहे, पण कडेला..."

"कवा व्हायचं तयार? तुमी मेल्यावर?"

"आजारी मासा आहे, मालक. पाणी बिघडेल. इतकी वर्षं जपलंय मी."

"कोनासाठी जपलंय? लग्नाला पाहुणा येईल म्हणून ताटं घासून बसायचं, आनि पाहुणा दारात आला की म्हनायचं ताट खराब होईल! ती बरोबर बोलायची. पाळणा हलवता तुमी."

मला राग आला की मी आवरत नाही. त्यालाही आला. आम्ही दोघं म्हातारे त्या टाकीच्या दोन बाजूंना उभे राहून भांडलो. त्याने मला अडाणी म्हटलं, मी त्याला भित्रा म्हटलं. मग तो एकदम खुर्चीत बसला. भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"आणि इथे मेला तर?" तो म्हणाला. "वहिनींचा मासा. माझ्या पाण्यात मेला तर मी काय करायचं?"

तेव्हा मला तो माणूस कळला. पाणी वगैरे सगळं निमित्त. ज्याने काही सुरूच केलं नाही त्याच्या घरात काही संपत नाही. बॅग कोरी, पेटी बंद, टाकी रिकामी. त्याच्या घरात कधी कोणी मेलं नव्हतं.

मी म्हटलं, "माझ्या घरात मानूस मेलं, साहेब. मी हाय ना उभा."

मी खाली आलो. आता याच्याकडे पुन्हा जायचं नाही असं ठरवून पाणी बदलायला बादली घेतली, एवढ्यात दार वाजलं. साहेब उभा. इस्त्रीचा शर्ट बदलून आलेला, हातात झाकणाचं भांडं, बारीक नळी आणि एक पंचा. सुइणीसारखा.

"जाळं लावू नका," म्हणाला, "घाबरेल. भांड्यातच घ्या."

वर नेलं. मला वाटलं आता सोडेल. कसला! भांडं टाकीशेजारी ठेवलं आणि नळीने टाकीतलं पाणी त्यात थेंब थेंब सोडत बसला. माशाला नव्या पाण्याची सवय व्हायला पाहिजे म्हणे. माझा चहा झाला, दुसरा चहा झाला, ऊन गॅलरीतून निघून गेलं, थेंब चालूच. मी म्हटलं, "साहेब, नवरी घरात घ्यायला पण एवढा येळ लागत नाय."

"म्हणून तर तुमच्याकडे सासू-सुनांची भांडणं होतात," तो म्हणाला. पहिल्यांदा त्याने मला चिमटा काढला.

शेवटी त्याने भांडं तिरकं केलं. जावई आत गेला आणि थेट तळाला जाऊन बसला. हलेना. साहेबाने डोळे मिटले. मी बघत राहिलो, मला मिटायची सवय नाही. मग मासा एका बाजूला कलला, सरळ झाला, झाडाभोवती एक फेरी मारली, आणि जिथे साहेब इतकी वर्षं चिमूट टाकायचा त्या कोपऱ्यात काचेशी येऊन तोंड उघडून उभा राहिला.

"जेवायला मागतोय," मी म्हटलं.

"आज द्यायचं नाही," साहेब म्हणाला आणि डबी उचलून शर्टाच्या खिशात टाकली.

त्यानंतर मात्र त्याने माझा जीव खाल्ला. आधी रिकाम्या टाकीची काळजी करायचा, आता भरल्याची. सकाळी फोन. "मालक, जावयाला आज साफ झाली." मी दात घासत असायचो. दुपारी, "जरा डावीकडे झुकतोय का, येऊन बघा." मी गेलो की मासा मस्त, हाच डावीकडे झुकलेला. पाणी तर इतक्या वेळा तपासायचा की मी विचारलं, मासा मुततो कधी, याला वेळ मिळतो का? पण रंग पिवळा. आणि कडेच्या शंकेचं नाव निघेना.

तब्येत सुधारली तसा मी जावई परत मागितला. माझ्या टाकीतही तोवर पाणी बसलं होतं. त्याच्याच स्पंजाचा तुकडा त्याने मला दिला होता. साहेब म्हणाला, "एवढ्यात नको. प्रवास झेपणार नाही."

"एक जिना, साहेब!"

"तुमचं पाणी अजून तयार नाही."

घरजावई करून घेतला त्याने. मीही फार ओढलं नाही. कारण त्या निमित्ताने मी रोज वर जाऊन बसायचो. घरी तिची खाट होती तिथे रिकामी जागा, ती बघत बसण्यापेक्षा हे बरं. आम्ही तिच्याबद्दल बोलत नसू. तो म्हणायचा, "वहिनींचा जावई आज खुशीत आहे." मी म्हणायचो, "सासूवर गेलाय." एवढंच. एकदा मी गेलो तर गॅलरीतून सूर येत होते. बाजाची पेटी. अतिशय वाईट वाजवत होता. पळस्प्याच्या नाक्यावर अडकलेला ट्रक बरा ओरडतो. मी बाहेर जिन्यातच उभा राहिलो, पुरतं ऐकलं, मग बेल दाबली.

बद्रीनाथला मात्र तो गेला नाही. आता कारण बदललं. "मागे जावयाला कोण बघणार?"

गेला तोही दिवसाढवळ्या, त्याच खुर्चीत. डबी हातात तशीच. मी नेहमीसारखा गेलो होतो. मासा काचेशी तोंड उघडून उभा, आणि हा समोर मान टाकून. मी आधी माशाला चिमूट टाकली. मग माणसं बोलावली. कोणाला विचित्र वाटेल, वाटू द्या. एकासाठी काही करता येण्यासारखं होतं, एकासाठी नव्हतं.

पुण्याहून पुतण्या आणि त्याची बायको आली. माणसं चांगली, घाईची. कार्य उरकलं, घर आवरायला काढलं. कोरी बॅग पुतण्याने घेतली. माझी बहीण मोऱ्याहून भेटायला आली होती, ती सवयीने पदर खोचून मदतीला वर गेली. मी मागून जिना चढतोय तर पुतण्या टाकीत नळी घालून बादली लावतो आहे.

"काका, पाणी काढून टाकतो," तो म्हणाला. "सुतकाचं आहे. शिवाय टाकी न्यायला हलकी पडेल. मासा काय, तळ्यात सोडू."

मी स्टूल ओढलं आणि टाकीला पाठ लावून बसलो. साहेब डेंग्यूवाल्यांपुढे उभा राहिला होता तसा हात पसरून उभं राहणं माझ्या गुडघ्यांना जमत नाही.

"नळी काढ बाहेर."

"अहो, पण विधी..." पुतण्याची बायको म्हणाली.

"विधी मानसाचा करा. ह्या पाण्याला सुतक नाय. हे जितं हाय."

ते दोघं बहिणीकडे बघायला लागले. वयस्कर बाई आहे, काही सांगेल म्हणून. बहीण टाकीकडे बघत उभी होती. जावई माझ्या खांद्यावरून तोंड उघडून तिच्याकडे बघत होता. तिने खोचलेला पदर सोडला, पुतण्याच्या हातातली बादली घेतली आणि म्हणाली, "राहू दे. फरशी पुसते मी निस्ती."

टाकी तिथेच राहिली. खोली माझी, कोण काय बोलणार? रोज सकाळी मी वर जातो, दार उघडतो, चिमूटभर खाणं टाकतो आणि हात मागे बांधून उभा राहतो. शिळ्या पाण्याची बादली गॅलरीत पंचाखाली असते. भिंग मी ठेवलं आहे, पण मला पिवळं पिवळंच दिसतं.

परवा दलाल एका जोडप्याला घेऊन आला. मुलगी पोटुशी, मुलगा कुठल्या कंपनीत. दारातूनच आत बघत होते. दलाल म्हणाला, "काका, किती दिवस बंद ठेवणार? रंग चांगला आहे, नळ चांगले आहेत, उजेड आहे. द्या ना."

मी म्हटलं, "खोली अजून तयार नाय."

"काय राहिलंय तयार व्हायचं?"

मी आत बघितलं. जावई काचेशी येऊन उभा होता, तोंड उघडून.

"कडेला जरा शंका हाय," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.